पत्र्याखालची जागा

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मी ती रात्रीची केली असती.

भुताच्या गोष्टीला अंधार लागतो, वारा लागतो, लांबवर कुठेतरी एखादं कुत्रं रडावं लागतं. इथे त्यातलं काहीच नाही. इथे भर दुपार आहे. एक वाजून दहा मिनिटं. आणि ऊन असं लख्ख, की सुईत दोरा ओवून घ्यावा.

पुरावा हवाच असेल तर आमच्या मास्तरांचा डावा हात बघा. तो कोपरातून सरळ होत नाही. शर्टाची बाही चढवायला त्यांना बायको लागते. बाकी सगळं त्यांनी मला एका बैठकीत सांगितलं, पुन्हा सांगणार नाही म्हणाले, आणि खरोखरच सांगितलं नाही.

मास्तर म्हणजे माझे मावसभाऊ. तंत्रशाळेत तीस वर्षं वायरिंग शिकवलं. निवृत्त झाल्यावर माणसं बागकामाला लागतात, नाहीतर बायकोच्या कामात लुडबुड करतात. मास्तर सायकलीला लागले. बॅटरीवर चालणारी सायकल, तिच्यामागे दोन चाकांचा हलका गाडा आणि गाड्यावर दाराएवढं सोलर पॅनल. ऊन पडलं की बॅटरी भरते, बॅटरी भरली की सायकल पळते. हँडलवर छोटा मीटर. उन्हातून किती वॅट येतायत ते त्यात दिसतं. मास्तर रस्ता कमी आणि मीटर जास्त बघायचे.

आणि तुफान म्हणजे मास्तरांचा साडू, धाकट्या मेहुणीचा नवरा. हयातभर टपालगाडी हाकली. घरातले त्याला तुफान म्हणायचे, कारण तो जेवायलासुद्धा कोणाशी तरी शर्यत लावल्यासारखा बसायचा. मास्तरांनी सायकल केली म्हटल्यावर त्यानेही केली. तशीच. फक्त पॅनल चार बोटं मोठं.

साडूसाडूंचं असंच असतं. सख्ख्या भावाचं चांगलं झालेलं माणूस एक वेळ सोसेल.

ठरलं होतं नऊशे किलोमीटर जायचं, थेट समुद्रापर्यंत. निघताना मेहुणीने मास्तरांना बाजूला घेतलं.

"भावोजी, ह्यांना घाई फार. तुमच्या भरवशावर सोडतेय. नेताय तसे आणून द्या."

"थोडा काळा करून आणीन," मास्तर म्हणाले.

सगळे हसले. मेहुणीसुद्धा हसली.

सहाव्या दिवशी ते उजाड माळावर पोचले. दोन सकाळी ढगात गेल्यामुळे दोघांच्याही बॅटऱ्या तळाला आलेल्या. पुढचं गाव चाळीस किलोमीटर. फोनला रेंज नाही. रस्ता उंच भरावावरून गेलेला, दोन्हीकडे उतार, आणि मोठ्या गाड्या कानाजवळून सुसाट जायच्या. थांबायला जागा अशी एकच दिसली. रस्त्याच्या कडेला, वीतभर खाली, एका मोठ्या अंगणाएवढी सपाट जमीन.

त्या जमिनीच्या मधोमध एक मांडव होता.

मांडव म्हणजे काय, चार लोखंडी खांब, छातीएवढ्या उंचीचे. वर एक पत्रा, दोन्ही अंगांना दोन पत्रे. आत ऊन कुठूनच जाऊ नये असा बेत.

तुफानने वाकून आत पाहिलं.

"काहीच नाही हो, मास्तर! ना दगड, ना पाटी. मोकळी जमीन. कोणाचं डोकं फिरलं होतं म्हणायचं?"

मास्तरांनीही पाहिलं. जमीन स्वच्छ होती. गवताची काडी नाही, मुंगी नाही. आणि माळ कोरडा ठणठणीत असताना तेवढीच जमीन ओलसर...

मांडवाची लांबी साधारण एक माणूस आडवा झोपेल एवढी. रुंदीही एका माणसापुरतीच.

"बोल्ट बघ," मास्तर म्हणाले. "ऑइल घातलंय. कोणीतरी येऊन नीट घट्ट करून जातं."

"करू दे की. सरकारी काम असेल. जिथे माणूस नाही तिथेच सावली करायची."

मास्तर आधी पोचले होते, त्यामुळे मोकळी बाजू त्यांनी घेतली. तुफानला गाडा मांडवाला खेटून लावावा लागला. थंडी सरत आलेली, ऊन धारदार पण तिरकं. मांडवाची सावली त्याच्या पॅनलवर आली. जेमतेम हातभर.

पण पॅनलचं एक असतं. हातभर सावली आली की हातभर वीज कमी होत नाही, अर्धीअधिक जाते. मास्तरांचा मीटर तीनशे दहा दाखवत होता.

तुफानचा एकशे वीस.

"किती?" मास्तरांनी विचारलं. त्यांना दिसत होतं.

"बघताय ना! कशाला मीठ चोळता?"

"नाही, म्हटलं, चार बोटं मोठं पॅनल आहे. काही फरक पडतो का बघावं."

तुफान उठला. मांडवाभोवती एक चक्कर मारली. वरचा पत्रा दोन्ही हातांनी हलवून पाहिला.

"हा एवढा काढतो. दोन तास. जाताना लावून टाकू. पाना द्या."

आता जगात बाकी सगळी माणसं भर दुपारी सावली शोधतात. सावली मोडायला निघणारे फक्त हे दोघे. मास्तरांना ते त्या क्षणी खटकलं, असं ते म्हणतात. पण खटकलं तरी हात पिशवीत गेला. तीस वर्षं शिकवलेला माणूस. पाना मागितला की नंबर सांगितल्याशिवाय राहवत नाही.

"तेरा नंबर लागेल," ते म्हणाले, आणि पाना दिला.

चार बोल्ट निघाले. पत्रा बाजूला झाला.

ऊन आत पडलं.

तुफानचा मीटर चढत गेला. दोनशे. तीनशे. तीनशे चाळीस. तो लहान मुलासारखा टाळ्या पिटायला लागला. "आता बोला! आता बोला की, मास्तर!"

मास्तरांनी कान टवकारले. माळाचा आवाज ऐकू येत नव्हता.

म्हणजे असं... इतका वेळ किडे किरकिरत होते, ते थांबले. वारा होता, तो थांबला. बिस्किटाच्या कागदावर माशा होत्या, त्या उडून गेल्या नाहीत, नुसत्या नाहीशा झाल्या.

मग मास्तरांनी तुफानचा मीटर पाहिला.

तीनशे चाळीस... एकशे वीस... साठ.

पॅनलवर सावली नव्हती. आभाळात ढग नव्हता. पण मीटर सांगत होता, की पॅनल आणि ऊन यांच्यामध्ये कोणीतरी उभं आहे.

"तुझी वायर निघाली बघ," मास्तर म्हणाले.

तुफान वायर बघायला वाकला.

आणि त्याचं पॅनल मधोमध फुटलं. वरून फावडं मारावं तसं. सरळ रेषेत, गाड्याच्या दांड्यापर्यंत.

दोघांनी रस्त्याकडे पाहिलं. दगड उडाला असेल, एखादी गाडी गेली असेल. रस्ता दोन्हीकडे मोकळा होता.

दुसरा फटका तुफानच्या नडगीवर बसला.

आवाज ओल्या वाळूत फावडं खुपसल्यासारखा. तुफान एका पायावर खाली बसला आणि मान वर करून, खऱ्या रागाने म्हणाला, "मास्तर, मारता काय!"

मास्तर दहा पावलांवर होते. त्यांच्या हातात चहाचा कप होता.

तिसरा फटका दुसऱ्या पायावर. हाड पँटमधून बाहेर आलं. चौथा खांद्यावर. तुफान ओरडायला लागला. मास्तरांनी कप टाकला आणि धावले. त्यांना कोणी दिसलं नाही. लख्ख ऊन होतं. जमिनीवर सावल्या दोनच होत्या, एक त्यांची आणि एक तुफानची. तिसरी असती तर बरं झालं असतं, मास्तर म्हणतात. निदान मारणारा कुठे उभा आहे ते कळलं असतं.

त्यांनी तुफानच्या काखेत हात घातले आणि ओढलं. तेव्हा त्यांचा डावा कोपर फुटला.

एकच फटका. मास्तरांना तेवढाच. बाजूला हो म्हणावं तसा.

मग फटके पुन्हा तुफानवर. सायकलींवर. गाड्यांवर. पुढच्या दोन मिनिटांत सायकली सायकली राहिल्या नाहीत. मास्तर सरपटत पत्र्याकडे गेले. पत्रा परत ठेवायचा, एवढंच डोक्यात. उजव्या हाताने त्यांनी तो उचलला. कोणीतरी तो त्यांच्या हातातून काढून घेतला, चिठ्ठीसारखा घडी केला आणि उतारावरून खाली भिरकावला. पाठोपाठ चारही खांब मुळापासून वाकले. बाजूचे पत्रे चुरगळले.

मास्तरांचं पॅनल गाड्यावरून निसटून पडलं होतं. शाबूत होतं. तुफानच्या डोक्यावर ढाल धरावी म्हणून त्यांनी ते उचललं. अकरा किलोचं. एका हाताने, छातीला लावून. उचलून वळले, तेव्हा पॅनलची सावली त्या मोकळ्या जमिनीवर पडली.

फटके थांबले.

मास्तर एक पाऊल तुफानकडे सरकले. सावली सरकली.

ठप्प.

तुफान किंचाळला.

मास्तर मागे आले. सावली जागेवर आली. शांतता.

मास्तरांनी आयुष्यभर सर्किटं तपासली होती. एवढं त्यांना कळायला दोन वेळा पुरल्या.

त्यांनी पॅनल जमिनीवर आडवं ठेवून पाहिलं. ते खालून लाथ मारल्यासारखं उडालं. जागा झाकायची नव्हती. सावली धरायची होती. माणसावर धरतात तशी. मास्तरांनी पॅनलची एक कड हेल्मेटवर टेकवली, दुसरी उजव्या हाताने धरली, आणि उभे राहिले.

तेव्हा एक वीस झाले होते.

तुफान आठ हातांवर पडला होता, फुटलेल्या गाड्याच्या आडोशाला. दोन्ही पाय मोडलेले, कपाळ उघडलेलं, एक डोळा रक्ताने बंद.

"मास्तर... पाणी."

पाण्याची बाटली मास्तरांच्या सायकलीला होती. सायकल पंधरा पावलांवर.

"देतो. थांब जरा."

"कशाला उभे आहात तिथे? इकडे या ना."

"तू ये," मास्तर म्हणाले. "हळूहळू सरक. इथे सावली आहे. इथे काही होत नाही."

तुफान कोपरांवर सरकत आला. आठ हातांना त्याला पंधरा मिनिटं लागली. मास्तर मोजत होते, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. शेवटी तुफानने हात पुढे केला आणि पंजा सावलीत ठेवला.

तो हात बाहेर आला.

तुफानने काढला नाही. तो कोणीतरी बाहेर ढकलला. जोराने नाही. हळूच... बाकावर जागा नसली की शेजारचा माणूस कोपराने सांगतो तसा.

तुफानने पुन्हा हात घातला नाही. तो तिथेच, सावलीच्या कडेला, उन्हात पडून राहिला. त्याच्यावर मात्र पुन्हा फटका पडला नाही. मास्तर जोपर्यंत हलत नव्हते तोपर्यंत.

दोन ट्रक गेले. भरावावरून सुसाट जाताना त्यांना फक्त डोक्यावर पॅनल घेऊन उभा असलेला एक म्हातारा दिसला असणार. मास्तर ओरडले. एका ड्रायव्हरने हसून हात हलवला.

अडीच वाजले. सूर्य कलला तसे मास्तर वीतवीतभर सरकत राहिले. त्यांच्या कोपरातून रक्त टपकत होतं. ते त्या जमिनीवर पडायचं आणि लगेच जिरायचं.

"मास्तर, ऊन लागतंय हो."

"कळतंय मला."

"मग धरा की इकडे. जरासं. तोंडावर तरी."

मास्तरांनी पॅनल चार बोटं कलवलं. तुफानच्या चेहऱ्यावर सावलीची एक कड आली.

ठप्प. बरगड्या.

मास्तरांनी पॅनल परत नेलं. त्यानंतर तुफानने सावली मागितली नाही. हे सांगताना मास्तर मला म्हणाले, "मागितली असती तर बरं झालं असतं रे."

तीनच्या सुमारास तुफान पुन्हा बोलला. आवाज अगदी बारीक.

"किती वॅट येतायत?"

पॅनलच्या वायरी तुटून लोंबत होत्या. मीटरचा पत्ता नव्हता.

"तीनशे," मास्तर म्हणाले.

"आणि माझे?"

मास्तरांनी आयुष्यात साडूला एक वॅट जास्त दिला नव्हता.

"तुझे... चारशे."

"हरलात," तुफान म्हणाला.

पुढे तो काही बोलला नाही. मास्तरांनी हाका मारल्या. तुफान म्हणून, मग खऱ्या नावाने, मग मेहुणीचं नाव घेऊन. जवळ जाऊन नाडी बघायची होती. पण तो जिवंत असला तर... गेलं की फटका त्याच्यावर बसणार. गेला असेल तर जाऊन उपयोग नाही. मास्तरांनी हा हिशेब तासभर डोक्यात फिरवला. तासभर ते जागचे हलले नाहीत.

चारला रस्तादुरुस्तीची पिवळी गाडी आली. थांबली. तिच्यातून पिकल्या मिशांचा एक ड्रायव्हर उतरला. त्याने तुफानकडे पाहिलं नाही. मास्तरांकडे पाहिलं नाही. मोडलेला मांडव पाहिला आणि गाडीतून ताडपत्री ओढून धावत आला. मागून दोन मजूर उतरले. त्यांनी पहारी ठोकल्या, त्यांवर ताडपत्री ताणून बांधली. तिघांपैकी एकानेही सावली क्षणभर हलू दिली नाही. सराव असल्यासारखे.

"सोडा आता," ड्रायव्हर म्हणाला.

मास्तरांना हात सोडता येईना. मजुरांनी बोटं एकेक करून उलगडली.

तुफान गार पडला होता. भर उन्हात, गार.

"कोण आहे हे?" मास्तरांनी विचारलं. "खाली कोण आहे?"

"रस्ता होत होता तेव्हाचं आहे. मुकादमाचं पाणी प्यायला म्हणून एकाला फावड्यांनी मारलं. मग हातपाय बांधून इथे टाकला. दोन दिवस जीव जात नव्हता. पाणी नाही मागितलं त्याने. सावली मागत होता नुसती. सगळे इथेच काम करत होते." ड्रायव्हरने मिशीवरचा घाम पुसला. "माझा बाप होता त्या टोळीत."

"त्यानेही मारलं?"

ड्रायव्हर वळला. तुफानजवळ जाऊन उकिडवा बसला. तुफानच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे.

"उन्हातच गेला का हा?"

"हो."

"शेवटी सावली मागितली होती?"

मास्तरांनी मान डोलावली.

ड्रायव्हर उठला आणि मजुरांना म्हणाला, "गाडीत खांब किती आहेत रे? आणखी चार लागतील."

पोलिसांनी लिहिलं, अज्ञात वाहनाची धडक. डॉक्टरने लिहिलं तेच. मास्तरांनी सही केली. त्यांच्या जागी तुम्ही असतात तर काय लिहायला सांगितलं असतं?

मेहुणी एकदाच भेटायला आली. मास्तरांच्या प्लॅस्टरमधल्या हाताकडे बघत बसली.

"भावोजी, तुम्ही होतात ना त्यांच्याजवळ?"

"होतो."

"शेवटपर्यंत?"

"दोन हातांवर होतो," मास्तर म्हणाले.

तिला वाटलं, हातांचं काहीतरी बोलतायत. औषधांची गुंगी असेल. तिने त्यांच्या उशीची बाजू नीट केली आणि गेली.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. त्या माळावर आता दोन मांडव आहेत, शेजारी शेजारी. दुसऱ्याखालची जमीनही ओलसर असते म्हणे. मास्तर वर्षातून दोनदा जातात. दोन्हीकडचे बोल्ट बघतात, ऑइल घालतात. मी एकदा विचारलं, की तुफानच्या जागेशी बसून काही बोलता का. म्हणाले, "काय बोलू? तिथे आत हात घालून बघायचा धीर होत नाही. त्याने बाहेर ढकलला तर?"

परवा संध्याकाळी त्या ड्रायव्हरचा निरोप आला. वादळात एक पत्रा उडालाय.

मास्तरांनी लगेच फोन लावला. कुठला?

पलीकडून तो म्हणाला, ते लांबून कळत नाही. जवळ जाऊन बघायला कोणी तयार नाही. त्याच दिवशी सकाळी तिथे एक गाय सापडली. चारही पाय मोडलेली.

काल संध्याकाळी मास्तर बसने निघाले. मी स्टँडवर सोडायला गेलो होतो. पिशवीत पाना होता, बोल्ट होते, आणि काखेत एक मोठी काळी छत्री. आम्ही बसची वाट बघत उभे होतो आणि ते सारखे वर बघत होते. आयुष्यभर ढगांना शिव्या घालणारा माणूस.

"त्या परक्याचा असला तर ठीक आहे," मास्तर म्हणाले. "त्याची सवय आहे मला."

"आणि तुफानचा असला तर?"

बस आली. मास्तर चढले. खिडकीतून त्यांनी चांगला हात बाहेर काढला, तळवा वर करून, पावसाचा थेंब पडतोय का बघतात तसा. बस वळेपर्यंत तो तसाच बाहेर होता.

हे लिहितोय तेव्हा आज दुपारचे बारा वाजून गेलेत. मास्तर एव्हाना पोचले असतील. मी मघापासून चार वेळा अंगणात जाऊन आलो.

आभाळात कुठे ढगाचा ठिपका नाही.